न्यायला येणं आणि आणून घालणं

माझं स्वतःचं लग्न व्हायच्या कितीतरी आधी मी दुसऱ्यांचे संसार सांधायचं शिक्षण घेतलं. हे सांगितलं की लोक तेव्हाही हसत, आताही हसतात. आमच्या मेसचा वाढपी ताटात भात टाकताना रोज विचारायचा, "काय साहेब, आज किती जोड्या जुळवल्या?" मला त्याचा मनापासून राग येई, कारण त्या वर्षी मी एकही जोडी जुळवलेली नव्हती.

सत्तरच्या दशकाचा मधला काळ. समाजकार्याच्या एम.ए.चं दुसरं वर्ष, आणि खास विषय कुटुंब आणि विवाह समुपदेशन. 'समुपदेशन' हा शब्द माळशिरसकडच्या आमच्या घरात कुणाच्या तोंडात बसत नव्हता. वडील लोकांना सांगत, "पोरगं भांडणं सोडवायचं शिकतंय." त्यावर चुलते म्हणत, "त्याला सोलापुरात कशाला जायला पायजे? पारावर बसला आसता तरी शिकला आसता." मी सुट्टीत गेलो की चुलत्यांना स्वयंनिर्णय, तटस्थता असले शब्द ऐकवून गप्प करायचो. ते तंबाखू मळत ऐकून घेत.

सकाळी वर्ग, दुपारी फिल्डवर्क. मला दिलेलं सल्ला केंद्र एका महिला संस्थेच्या मागच्या अंगाला होतं. दोन खोल्या, वर पत्रे, आणि मधल्या भिंतीपलीकडे शिवणवर्ग. आमच्याकडची बाई रडायला लागली की पलीकडची मशिनं एकेक करून थांबत, म्हणजे सगळ्याजणी कान देत. मग इकडची बाई ओशाळून रडं आवरी, आणि मशिनं पुन्हा खडखडायला लागत. वर्षभर मी त्या खडखडाटात लोकांची दुःखं ऐकली. उन्हाळ्यात पत्रे इतके तापत की समोरचं माणूस काय सांगतंय यापेक्षा ते कधी उठतंय याकडेच माझं जास्त लक्ष असे. हे कबूल करायला मला तेव्हा लाज वाटायची, आता वाटत नाही.

खरी दमणूक त्यानंतरची होती. माणसांसमोर कागद काढायचा नाही, हा नियम. सगळं डोक्यात साठवायचं आणि होस्टेलवर जाऊन शब्दन् शब्द लिहायचं: डावीकडे ती काय म्हणाली, मधे मी काय म्हणालो, आणि उजवीकडच्या रकान्यात 'त्या वेळी मला काय वाटलं'. त्या रकान्यात मी नेमानं 'सहानुभूती वाटली' असं लिहायचो. खरं म्हणजे बहुतेक वेळा झोप आलेली असे. आमच्या सुपरव्हायजर बाई ते कागद लाल पेन्सिलीनं तपासायच्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि माझ्यासारखी पोरं शिकवून शिकवून थकलेल्या. 'सहानुभूती वाटली' याच्याखाली त्या नुसती एक रेघ ओढत.

परीक्षेसाठी पाच केसेस लागत. त्यातली एक तरी पहिल्या भेटीपासून शेवटापर्यंत तडीस गेलेली हवी. मार्च संपत आला तरी माझ्या चार केसेस मधेच लोंबकळत होत्या. एक नवरा पत्ता न ठेवता गेला होता. एका म्हाताऱ्यानं सुनेचं सगळं ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "तुमचं लगीन झालंय का? न्हाय ना? मग ऱ्हाऊ द्या." उरलेल्या दोन ठिकाणी माणसं यायचीच बंद झाली. पाचवी केस तेवढी जिवंत होती, आणि माझी सगळी मदार तिच्यावर.

पाचवी म्हणजे सांगोल्याकडची एक बाई. विशी-बाविशीची, लग्नाला दोन वर्षं झालेली. सासर वळसंगचं. नवरा सोलापुरात मिलमध्ये बदली कामगार. पाळी असेल तेव्हा इथं मित्रांच्या खोलीवर, सुट्टीला गावी. आमच्याकडे आली तेव्हा तीन-साडेतीन महिने ती सोलापुरातच आपल्या भावाकडे येऊन राहिली होती. भाऊ एका शाळेत क्लार्क. त्यानंच तिला आमच्याकडे आणलं. पहिल्या दिवशी तिनं खुर्चीच्या कडेवर टेकून, हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून सगळी हकिगत पाच मिनिटांत सांगितली. तिचे आबा, म्हणजे वडील, वारले. निरोप आला तशी ती एकटीच सांगोल्याला गेली. सासूनं बजावलं होतं, पाचव्या दिवशी परत ये. ती तेराव्यापर्यंत थांबली. नवरा मातीला आला नाही, दहाव्याला आला नाही, तेराव्यालाही नाही. मग ती परत सासरी गेलीच नाही.

"मारहाण?" मी विचारलं. फॉर्मवर तो प्रश्न होता.

"न्हाय."

"दारू? दुसरी बाई?"

"न्हाय वो."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"त्येनी न्यायला यावं," ती म्हणाली. "येवढंच."

चार महिने ती दर आठवड्याला यायची आणि दर वेळी शेवटी एवढंच सांगायची. मी तिला लहानपणाचं विचारलं, सासूशी कसं होतं ते विचारलं, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गप्प बसून बघितलं. मी गप्प बसलो की तीही गप्प बसे, आणि थोड्या वेळानं म्हणे, "दादा, तुमाला बरं वाटत न्हाय का?" मी फाइलवर लिहिलं: 'मूळ अडचण: दोन्ही बाजूंचा अहंकार.' लिहून मला फार हुशार वाटलं होतं.

नवरा एकदाच आला, पाळी सुटल्यावर, केसांत आणि भुवयांवर कापसाचे तंतू घेऊन. सरळ माणूस होता. म्हणाला, "मी तिला कुटं हाकललं? आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईल की."

"सासऱ्यांच्या मातीला का गेला नाहीत?"

तो भुवईवरचा तंतू काढत राहिला. मग म्हणाला, "कायम करायची यादी निघनार हुती त्या पंध्रवड्यात. खाडा झाला आसता तर नाव गेलं आसतं." यादीत नाव आलं का, असं मी विचारलं. नाही आलं. मी तेही लिहून ठेवलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेलो. एवढं बोलून झाल्यावर तो आणखी काही सांगणार होता असं मला आज वाटतं. त्या दिवशी मला मेस बंद व्हायच्या आत पोचायचं होतं.

एप्रिल लागला. बाईंनी कागद मागितले. 'केस जबरदस्तीनं बंद करू नकोस,' असं त्या म्हणाल्या होत्या, पण तसं त्या दर वर्षी सगळ्यांनाच सांगत, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. मी मनाशी ठरवलं की आता धीर धरून उपयोग नाही, सरळ बोललं पाहिजे. पुढच्या भेटीत मी तिला भाषणच दिलं. तुमचं आयुष्य आहे, निर्णय तुमचा. कुणीतरी न्यायला येईल म्हणून किती दिवस बसून राहणार? तुम्हाला नांदायचं आहे ना? मग मानानं उठा आणि आपल्या घरी जा.

"कुणी येऊन न्यायला तुम्ही काय सामान आहात?" असं मी शेवटी म्हणालो. वाक्य मला स्वतःलाच आवडलं होतं.

ती म्हणाली, "सामान न्हाय म्हनूनच की दादा. सामान कुनीबी आनून टाकतंय."

तिनं सगळं सांगून टाकलं होतं, अगदी सोप्या मराठीत. आणि मी काय केलं? मी विचारलं, "भावजय काय म्हणते?" कारण भावजय कुरकुरते हे मला ठाऊक होतं. तिचा चेहरा पडला. भावजयीनं त्या आठवड्यात धुणं वेगळं काढलं होतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुमी म्हनताय तर जाऊ. पन येकली कशी जाऊ?"

"मी येतो बरोबर," मी म्हणालो.

रात्री कागदावर मी लिहिलं: 'क्लायंटने स्वतः निर्णय घेतला.'

मी शहरात वाढलेला असतो तर हे समजण्यासारखं होतं. पण मी माळशिरस तालुक्यातला. माझी थोरली बहीण एकदा सासरी बिनसलं म्हणून माहेरी आली होती, तेव्हा वडिलांनी तिला तीन महिने ठेवून घेतलं होतं. उसाची तोड चालू, घरात माणसं कमी, आई रोज म्हणायची की घालून या तिला, आणि वडील म्हणायचे, "ते न्यायला येतील. आपून आनून घातली तर जलमभर ऐकावं लागंल पोरीला." शेवटी तिचा दीर आणि सासरा बैलगाडी घेऊन आले, जेवले, आणि बहीण ताठ मानेनं गाडीत बसली. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. पण ते गावाकडचं, आणि हे शिक्षणातलं, असे मी डोक्याचे दोन खण करून ठेवले होते.

गुरुवारी मिलला सुट्टी, नवरा गावी असणार. मी त्याला आधी कळवलं नाही. कळवलं तर नको म्हणेल अशी भीती होती. दुपारच्या एस.टी.नं आम्ही निघालो. ती खिडकीशी, मी पलीकडच्या बाकावर. तिनं नवीन नाही पण चांगलं असं हिरवं लुगडं नेसलं होतं, आणि भावानं घेऊन दिलेली पिशवी तिच्या पायाशी होती. वाटेत ती एकदाच बोलली. म्हणाली, "त्येंला बरं वाटंल ना?" मी म्हणालो, वाटेल की.

फाट्यापासून घर अर्ध्या मैलावर. ऊन असं की कुत्रीसुद्धा आडोशाला गेलेली. ओट्यावर सासू तूर पाखडत बसली होती. तिनं मान वर केली, आधी सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा सुनेकडे. सूप खाली ठेवलं नाही.

"आली का?" ती म्हणाली. "ये."

शेजारच्या दारातून एक बाई डोकावली. सासू तिला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. मला अर्थ कळला नाही. सुनेला कळला. दोन वर्षांत तिला तेवढी भाषा आली होती. तिची मान खाली गेली.

मी आपला चपला काढून आत जाऊन बाजेवर बसलो. कुणीतरी तांब्या आणून दिला, मी पाणी प्यालो. आणि मग माझ्या लक्षात आलं की ती आत आलेलीच नाही. ती उंबऱ्याबाहेर पिशवी हातात घेऊन उभी होती. एवढ्या दिवसांनी सून घरात येते तेव्हा भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पाणी पायावर घालतात. कुणी उठेल म्हणून ती थांबली होती. कुणी उठलं नाही. सुपाचा आवाज चालू राहिला. मी बाजेवर बसून तिला म्हणालो, "या ना आत." माझ्या आवाजात घाई होती, कारण साडेपाचची परतीची गाडी मला पकडायची होती.

तेवढ्यात नवरा मागच्या अंगानं आला. बहुतेक विहिरीवर होता, अंगावर ओला पंचा. तिला बघून त्याचं तोंड क्षणभर खरंच उजळलं. मग त्याची नजर माझ्यावर पडली आणि तो जागच्या जागी थांबला.

"साहेब, तुमी आनली व्हय हिला?"

"त्यांनीच यायचं ठरवलं," मी म्हणालो. "मी फक्त सोबत."

त्यानं पंचा सावरला. आईकडे बघितलं, शेजारच्या दाराकडे बघितलं, आणि मग हलक्या आवाजात, जवळजवळ चिडून म्हणाला, "मी येनार हुतो की ऐतवारी. रजा टाकलीया. तिचा भाऊ ऐतवारीच घरी आसतोय म्हनून ऐतवार धरला. तुमाला कुनी सांगितलं हुतं घाई करायला?"

सुपाचा आवाज थांबला होता. सासूलाही हे नवीन असावं.

उंबऱ्याबाहेरून ती म्हणाली, "ऐतवारी येनार हुता?"

"व्हय."

"खरं?"

"रजेचा कागद खोलीवर हाय. कुनालाबी इचार."

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मग ऐतवारीच या," ती म्हणाली. "मी अजून आत आले न्हाय." आणि वळून फाट्याच्या दिशेनं चालायला लागली.

सासू उठली, काहीतरी ओरडली. नवरा दोन पावलं पुढं आला आणि थांबला. मी पायात चपला अडकवत तिच्यामागे धावलो. एक पट्टा तुटला तो तसाच ओढत गेलो. फाट्यावर गाडीला तासभर होता. बाभळीच्या विरळ सावलीत आम्ही उभे राहिलो. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तिनं हातानंच राहू द्या असं केलं.

गाडीत बसल्यावर ती रडली. चार महिन्यांत पहिल्यांदा. पदर तोंडात धरून, आवाज न करता, सोलापूर येईपर्यंत. कंडक्टरनं मला विचारलं, काय झालंय बहिणीला? मी म्हणालो, तिचे वडील वारलेत. कधी, म्हणून त्यानं विचारलं, आणि मला ते सांगता येईना. सात महिने की आठ, हे फाइलमध्ये बघितल्याशिवाय मला आठवत नव्हतं. मला तिथं स्वतःची जेवढी शरम वाटली तेवढी पुढे क्वचितच वाटली. या बाईचा बाप गेला होता. नवऱ्यानं एकदा तरी तिच्या माहेरचा उंबरा चढावा, एवढंच तिला हवं होतं, आणि त्याला मी अहंकार म्हटलं होतं.

स्टँडवर उतरल्यावर ती पदर सारखा करून मला म्हणाली, "आबा आसते तर त्येनी मला आशी आनून घातली नसती."

रागानं नाही म्हणाली. नुसतं सांगितलं. मी रिक्षा बघतो म्हणालो तर नको म्हणाली आणि चालत गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंसमोर मी सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं झापतील; झापलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुला बहीण आहे का रे?" मी हो म्हणालो. त्या बराच वेळ फाइल चाळत राहिल्या. पहिल्याच पानावर 'वडिलांचे निधन' असं होतं. त्यानंतरच्या तीस-चाळीस पानांत वडिलांचा उल्लेख नव्हता. "रविवारी तू तिकडं फिरकायचं नाहीस," एवढंच शेवटी म्हणाल्या. "तिच्या भावाच्या गल्लीतसुद्धा."

रविवार मी होस्टेलवर काढला. कपडे धुतले, कागद लिहायला घेतले, टाकून दिले. मिलचा भोंगा झाला तेव्हा मनात आलं, आता निघाला असेल. मग वाटलं, आईनं अडवलं असेल. आपण त्याला चव्हाट्यावर आणून ठेवल्यावर आता कोण येतो, असंही वाटलं. संध्याकाळी मेसच्या वाढप्यानं नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी ताट तसंच ठेवून उठलो. बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

सोमवारी दुपारी तिचा भाऊ केंद्रात आला. शाळेतून सुटून थेट आलेला, बगलेत छत्री. पाहुणे, म्हणजे मेहुणे, काल आले होते म्हणाला. अकराच्या सुमाराला, एकटेच. वर्तमानपत्राच्या कागदात टोपी-उपरणं आणि बहिणीसाठी एक लुगडं बांधून आणलं होतं. दुखवट्याचं, तेराव्याला द्यायचं राहिलेलं. आल्या आल्या भावाच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि मग मोठ्यानं रडले. पोरासारखे रडले म्हणाला. त्यांचं बघून तिनंही आवाज काढून रडून घेतलं. मग उठली, चूल पेटवली, पुरणाचं नाही पण गोडाचं केलं, वाढलं. उन्हं उतरल्यावर दोघं गेले.

मी नुसता ऐकत होतो. भिंतीपलीकडे मशिनं थांबलेली होती.

"फार चांगलं झालं," मी म्हणालो. "मी पंधरा दिवसांनी जाऊन भेटून येतो त्यांना." पाठपुराव्याची एक भेट अभ्यासक्रमात सक्तीची होती. तिच्याशिवाय केस पूर्ण झाली असं धरत नसत.

भाऊ अवघडला. छत्री या बगलेतून त्या बगलेत केली.

"त्याच्यासाठीच आलोय साहेब," तो म्हणाला. "तिनं मुद्दाम सांगून पाठवलंय. तुम्ही वळसंगला येऊ नका. तुम्हाला बघितलं की गावाला तो गुरुवार आठवेल. ती म्हणते, आता मला न्यायला आले, एवढंच लोकांच्या ध्यानात राहू द्या."

मी बरं म्हणालो. ती भेट मी केली नाही आणि मार्क त्याप्रमाणे पडले. चार महिन्यांत तिनं मला सांगितलेल्या गोष्टींपैकी मी नीट ऐकलेली ही एकच.